पैलवानाच्या पाण्याची चोरी

“सूक्ष्म निरीक्षण, तीक्ष्ण बुद्धी आणि अचूक निष्कर्ष यांचा चालताबोलता पुतळा! ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने चोरांच्या पोटात गोळा येतो, ज्यांची एक भुवई वर गेली की भल्याभल्यांची दातखीळ बसते, असे गुप्त गुन्ह्यांचे गुप्त...”

“गुप्त दोनदा आलंय, दाजी,” मेहुणा म्हणाला.

“येऊ दे. गुप्तता जितकी जास्त तितकी बरी.”

“आणि एवढा मजकूर व्हिजिटिंग कार्डावर मावणार नाही.”

“मग कार्ड मोठं करा. माणूस लहान करता येत नाही.”

मेहुण्याने निमूटपणे लिहून घेतलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोकांच्या चुका शोधून त्यांवर लाल शाईने खुणा करायच्या, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या चुका शोधायच्या आणि गिळून टाकायच्या, हा संसाराचा.

दाजी वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्यांची अशी खात्री पटली होती की, जगात जो तो कुठे ना कुठे काटा मारतोच आहे. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर ‘खासगी गुप्तहेर’ अशी पाटी लावली आणि लोक चुकू नयेत म्हणून कोपऱ्यापासून दारापर्यंत भिंतीवर सहा बाण काढले. बहिणीने भावाला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, “सकाळचा तू मोकळाच असतोस. यांच्याबरोबर फिरत जा बाबा जरा. घरात असले की माझ्या डब्यांवर बोटांचे ठसे शोधतात.” तेव्हापासून तो साहाय्यक झाला. नात्याने मेहुणा, हुद्द्याने साहाय्यक आणि पगाराने पाहुणा.

कार्डाचा मजकूर तिसऱ्या पानावर गेला, तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात पांढरा कोट, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.

“थांबा! एक अक्षर बोलू नका,” दाजींनी हात वर केला. “पांढरा कोट, बाहीवर पांढरी पूड, डोळे तांबडे, म्हणजे पहाटे उठणं. तुम्ही बेकरी चालवता.”

“मी दातांचा डॉक्टर आहे, दाजी. पुढच्याच गल्लीत दवाखाना आहे माझा. गेल्या वर्षी तुमची दाढ मीच काढली होती.”

“अर्थातच,” दाजी अजिबात न बावरता म्हणाले. “तुमची स्मरणशक्ती तपासत होतो. बसा. काय झालं?”

“पाणी पळालं हो माझं.”

“तोंडचं?”

“टाकीतलं.”

डॉक्टरांनी मग सगळी हकिकत सांगितली. दवाखान्यात रुग्ण बसायच्या खोलीत पाच वर्षं एक छोटी काचेची पेटी होती. तिच्यात चार-पाच गप्पी मासे. नाव गप्पी, पण स्वभावाने अगदी गप्प. आले काय, गेले काय, कुणाला पत्ता नसायचा. मग यंदा डॉक्टरांची एकुलती एक लेक शिकायला परगावी गेली. संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी जायचं तर घरात बोलायला कुणी नाही. त्याच महिन्यात ते माशांच्या दुकानात गप्पींचं खाणं आणायला गेले आणि तिथे एका मोठ्या टाकीतून दीड वीत लांबीच्या, काळ्या अंगावर निखारे विखुरल्यासारखे ठिपके असलेल्या एका माशाने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“नुसतं पाहिलं नाही हो. मी डावीकडे गेलो, तो डावीकडे आला. मी उजवीकडे गेलो, तो उजवीकडे. घरात शिरल्यावर आमची लेक जशी मागेमागे यायची ना, तस्सा. ऑस्कर जात म्हणतात त्याची. लोक जन्मभर धडपडतात तरी ऑस्कर मिळत नाही, मी पिशवीत घालून घेऊन आलो.”

गप्पी एका शेजारणीकडे गेले. चारशे लिटरची नवी टाकी आली, तिच्याखाली लोखंडी घोडा आला, फिल्टर आला. माशाचं नाव पडलं पैलवान. आणि दवाखान्याचा नूरच पालटला. आत यायच्या आधीच भोकाड पसरणारी पोरं आता काचेला नाक लावून बसायची आणि आत बोलावलं की रडायची ती पैलवानाला सोडून जावं लागतं म्हणून.

“आणि आता?”

“आता रोज पाणी कमी होतंय. रोज सकाळी दहाला येतो तर चांगलं दोन बादल्या पाणी गायब! मी भरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. तीन महिने झाले. आधी वाटलं टाकी गळतेय. खाली कोरडा कागद पसरून ठेवला, एक थेंब नाही. दाजी, पाणी गेलं तर एकवेळ जाऊ दे, पण रात्री-अपरात्री कुणी टाकीत हात घालत असेल तर उद्या पैलवानालाच उचलून नेईल!”

दाजी उठले. खिडकीपाशी गेले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

“मेहुणे,” ते खोल आवाजात म्हणाले, “कुठेतरी पाणी मुरतंय.”

“मुरत नाहीये, हीच तर अडचण आहे,” डॉक्टर म्हणाले.

दवाखाना तळमजल्यावर होता. बाहेर तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून अकरा कुंड्या. आत रुग्णांसाठी सहा खुर्च्या, जुनी मासिकं, आणि समोरच्या भिंतीला लागून ती टाकी. दाजी आत शिरताच पैलवान काचेपाशी आला, त्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि पाठ फिरवली.

“साक्षीदार काहीतरी लपवतोय,” दाजी म्हणाले.

त्यांनी भिंग काढलं. काच तपासली, घोडा तपासला, फिल्टरमध्ये बोट घालून पाहिलं आणि ‘अरेरे’ म्हणून काढून घेतलं. मग निळ्या पेन्सिलीने पाण्याच्या पातळीवर काचेला रेघ मारली.

“दाजी,” मेहुण्याने दबकत विचारलं, “बाष्पीभवन तर नसेल?”

“कोण आहे हा? कुठे राहतो?”

“माणूस नाही हो. पाण्याची वाफ.”

“दोन बादल्या वाफ? मेहुणे, एवढ्या वाफेत डॉक्टरांच्या सहाही रुग्णांचे कपडे इस्त्री करून निघतील.” आणि या एका बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मेहुण्याला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पाळत सुरू झाली. पाळत सकाळी दहा वाजता सुरू व्हायची, कारण दाजी नऊच्या आधी उठत नसत. दहा वाजता येऊन पाहावं तर पाणी निळ्या रेघेच्या खाली सरकलेलं. मग दाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत मासिक उघडून बसत. मासिकाला त्यांनी डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली होती. त्यामुळे समोर बसलेल्या रुग्णांना एका नटीच्या दोन्ही गालांतून दोन डोळे आपल्याकडे बघताना दिसत. दोघं जण दात न दाखवताच पळून गेले.

“चोरी दहाच्या आधी होतेय, दाजी,” मेहुणा तिसऱ्या दिवशी म्हणाला. “आपण दहानंतर बसून काय उपयोग?”

“चोर घटनास्थळी परत येतो, हा नियम आहे. आपण परत येण्याची वेळ सांभाळतोय.”

झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. “पाय वर घ्या,” म्हणाल्या. दाजींनी पाय वर घेतले आणि त्याच स्थितीत उलटतपासणी सुरू केली.

“मावशी, तुम्ही दवाखाना किती वाजता उघडता?”

“आठला.”

“आठ ते दहा या वेळेत इथे कुणाला चोरी करताना पाहिलंत?”

“नाही बाई.”

“कुणी संशयास्पद माणूस?”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मासिकाकडे पाहिलं. भोकांकडे पाहिलं. “तुम्हीच,” त्या म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

“अत्यंत सरळ बाई,” दाजींनी वहीत नोंद केली. “संशयाच्या पलीकडे.”

सिद्धांत मात्र एकावर एक रचले जात होते. सोमवारी दाजींचं मत पडलं की दात काढलेले रुग्ण चूळ भरायला टाकीतलं पाणी घेतात. मंगळवारी ते बदललं, कारण त्यांनी स्वतः तसं करून पाहिलं आणि कुणी दुसऱ्यांदा करणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. बुधवारी संशयाची सुई खुद्द पैलवानाकडे वळली. एवढा मोठा मासा, चोवीस तास पाण्यात, तोंड सदा उघडं, पीत असणार! दाजींनी त्याचं वजन करायचं ठरवलं. जुना तराजू आणला, जाळी आणली. पैलवानाने जाळी पाहिली, शेपटीचा एक फटका मारला आणि दाजी कमरेपर्यंत भिजले.

“बघा, पाणी कमी झालं की नाही?” ते कोट पिळत म्हणाले. “मी म्हणत नव्हतो, यात माशाचा हात आहे?”

“माशाला हात नसतो, दाजी.”

“म्हणूनच ठसे सापडत नाहीत!”

शुक्रवारी त्यांना खरा गुन्हेगार सापडला. चौकापलीकडे एका तरुण दंतवैद्याने नुकताच नवा दवाखाना थाटला होता आणि त्याच्या बाहेरच्या खोलीत म्हणे कारंजं होतं.

“कारंज्याला पाणी लागतं. इथलं पाणी जातंय. दोन अधिक दोन!” दाजींनी टाळी वाजवली. “मी रुग्णाच्या वेषात आत शिरतो. तुम्ही बाहेर थांबा. अर्ध्या तासात आलो नाही तर आत या.”

रुग्णाच्या वेषात म्हणजे त्यांनी गालाला रुमाल बांधला. मेहुणा समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आत जावं की न जावं, या विचारात तो असतानाच दाजी बाहेर आले. रुमाल तोच होता, पण आता गाल खरोखरच सुजला होता.

“काय झालं, दाजी? कारंजं पाहिलंत?”

“प्याष्टिक,” दाजी म्हणाले.

“काय?”

“पायी नायी. प्याष्टिक. आत बल्ब!”

“प्लास्टिकचं कारंजं? मग एवढा वेळ काय करत होता?”

दाजींनी मूठ उघडली. कापसाच्या बोळ्यात त्यांची आणखी एक दाढ होती. संशय येऊ नये म्हणून त्यांनी सगळ्यात मागच्या दाढेकडे बोट दाखवलं होतं आणि तो तरुण कामाला भलताच चपळ निघाला होता.

संध्याकाळी बहिणीने मेहुण्याला विचारलं, “आज काय काम केलंत?” त्याने खरं तेच सांगितलं, “दाजींनी मुळापर्यंत तपास केला.”

त्या रात्री सुजलेल्या गालाने कूस बदलता येईना, तेव्हा दाजींना तो उपाय सुचला म्हणे. शनिवारी सकाळी ते बाजारातून पितळी कुलूप घेऊन आले. टाकीचं झाकण समोरून कडीने बंद व्हायचं, तिथे त्यांनी ते अडकवलं. खाणं टाकण्यापुरतं एक भोक झाकणाला होतंच. किल्ली स्वतःकडे ठेवली.

“आता येऊ दे कोण येतो तो.”

सोमवारी दहा वाजता सगळे टाकीपुढे जमले. पाणी निळ्या रेघेला चिकटून होतं. मंगळवारी तसंच. बुधवारीही तसंच. डॉक्टरांनी दाजींचे दोन्ही हात हातात घेतले. दाजींनी प्रकरणाच्या फाइलवर ‘यशस्वी’ असा शिक्का मारला आणि ‘चोर कोण?’ या रकान्यात लिहिलं: ‘घाबरलेला.’

मेहुण्याच्या मनात मात्र काहीतरी खुपत राहिलं. छापखान्यात कधीकधी असं व्हायचं. पान तीनदा वाचलं, एकही चूक नाही, तरी वाटायचं की कुठेतरी एक अनुस्वार सुटलाय. चोराला माशाचं घाण पाणी कशाला हवं होतं? आणि तेही रोज, मोजून दोन बादल्या? त्याने एकदा तोंड उघडलं होतं, पण दाजी कार्डाचं चौथं पान सांगत होते. त्याने तोंड मिटलं.

डॉक्टर इतके खूश होते की पैलवानाला रोज दुप्पट खाणं टाकायला लागले. “जिवावरचं संकट टळलंय, खा बाबा!” आणि पैलवान खायचा. अधूनमधून मेहुणा छापखान्यात जाताना वाट वाकडी करून दवाखान्यात डोकवायचा. कारण काही नव्हतं. पैलवान त्याला ओळखायला लागला होता. तो दिसला की काचेपाशी येऊन खालचा ओठ पुढे काढायचा. मेहुण्यालाही खालचा ओठ पुढे काढायची सवय लागली. घरी बायकोने विचारलं, “रुसलायत का?”

बाराव्या दिवशी तो डोकावला तेव्हा पैलवान काचेपाशी आला नाही.

तो तळाला होता. एका कुशीवर कलंडलेला. कल्ले भात्यासारखे जोरजोरात हलत होते, अंगावरचे निखारे विझून राख झाले होते. पाण्याला पिवळट झाक आली होती. टाकीसमोर फरशीवर डॉक्टर मांडी घालून बसले होते. आतल्या खुर्चीत एक रुग्ण तोंड उघडं ठेवून केव्हाचा वाट बघत होता.

“सकाळपासून असाच आहे,” डॉक्टर म्हणाले. “खाणं टाकलं, तेही तसंच पडलंय. लेकीचा फोन आला होता, पैलवान दाखवा म्हणाली. मी म्हटलं, झोपलाय.”

दाजींना निरोप गेला. ते आले, त्यांनी भिंग लावलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

“विषप्रयोग! कुलपामुळे चोराचा तिळपापड झाला आणि त्याने झाकणाच्या भोकातून सूड उगवला. मेहुणे, माझं उरलेलं सगळं लक्ष आता त्या प्लास्टिकच्या कारंज्यावर आहे. पहिलं काम, टाकी सील करायची. कुणी पाण्याला हात लावायचा नाही. पंचनामा...”

“दाजी, गप्प बसा!”

आतल्या रुग्णानेसुद्धा तोंड मिटलं. इतक्या वर्षांत मेहुण्याने दाजींना ‘गप्प बसा’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्याने स्वतःही नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते, पण पाय केव्हाच पायऱ्या उतरले होते. माशांच्या दुकानापर्यंतचे चार चौक तो पळत गेला. चाळिशीनंतर तो पहिल्यांदाच पळत होता आणि ते त्याच्या गुडघ्यांनी त्याला प्रत्येक चौकात सांगितलं.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे माशांच्या ताई म्हणायचे. बुटक्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात कायम ओले. मेहुण्याची धापा टाकत सांगितलेली हकिकत त्यांनी अर्धीच ऐकली, एक पिशवी उचलली आणि त्याच्याआधी दवाखान्यात पोहोचल्या.

टाकीपाशी येऊन त्यांनी झाकणाच्या भोकाला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“डॉक्टर, पाणी कधी बदललंत?”

“बदललं? बदलायचं कशाला? फिल्टर आहे की! कमी झालं की भरतो मी.”

“मी दुकानात सांगितलं होतं तुम्हाला! छोट्या टाकीसारखं नाही म्हटलं. मोठा मासा खातो मोठं आणि घाण करतो मोठी. फिल्टर कचरा गाळतो, पण पाण्यात विरघळलेली घाण कुठे जाणार? दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं. चांगलं दोनदा सांगितलं होतं.”

डॉक्टर आठवायला लागले. चूक त्यांची एकट्याची नव्हती, धंद्याची होती. वीस वर्षं ते ज्यांच्याशी बोलत आले, त्यांच्या तोंडात हत्यारं असायची. ‘मुलं काय करतात? नोकरी कशी चाललीय?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं, ही सवय हाडीमाशी खिळली होती. ताई दुकानात बोलत होत्या तेव्हा डॉक्टरही पैलवानाबद्दल बोलत होते.

“पण मग,” ताईंच्या कपाळाला आठी पडली, “तीन महिने हा जगला कसा? पाणी न बदलता याने महिन्याभरातच मान टाकायला हवी होती.”

दाजी खाकरले, पण त्या खाकरण्याने कुणाच्याही पोटात गोळा आला नाही.

“मी न्यायचे ना पाणी,” दारातून आवाज आला.

मावशी फरशीचं फडकं घेऊन उभ्या होत्या.

“कुठे?” चौघांनी एकदम विचारलं.

“कुठे म्हणजे? कुंड्यांना. मागचा नळ बिघडलाय चार महिने. डॉक्टरांना दर आठवड्याला सांगते, ते म्हणतात, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ मग आठला आले की टाकीतल्या दोन बादल्या काढायचे, अकरा कुंड्यांना घालायचे. झाडांना मानवतं ते पाणी. गुलाबाला कधी नव्हे ते बारा कळ्या आल्या होत्या. मग तुम्ही कुलूप घातलंत. मला वाटलं, मासा उडी मारतो म्हणून घातलं असेल.”

सगळं ध्यानात यायला मेहुण्याला एक क्षण लागला. रोज मावशी जुनं पाणी काढत होत्या. रोज डॉक्टर चोराला शिव्या देत ताजं पाणी भरत होते. अशी तीन महिने पैलवानाची शुश्रूषा चालली होती आणि करणाऱ्या दोघांनाही ती ठाऊक नव्हती. चोरी होती तोवर मासा ठणठणीत होता. चोरी पकडायला माणूस बसवला आणि माशाचा जीव कंठाशी आला.

“म्हणजे गुन्हा कबूल?” दाजी पुढे सरसावले.

मावशींनी फडकं बादलीत टाकलं. “कसला गुन्हा? कुंड्या डॉक्टरांच्या, पाणी डॉक्टरांचं, बादली डॉक्टरांची. माझी फक्त कंबर.”

“पण मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं नाहीत!”

“तुम्ही विचारलंत, चोरी करताना कुणाला पाहिलं का. झाडांना पाणी कोण घालतं, हे कुठे विचारलंत?”

“भांडण नंतर,” ताई म्हणाल्या. “आधी झाकण उघडा.”

दाजींनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग कोटाच्या आतल्या खिशात. त्यांचा चेहरा हळूहळू पैलवानाच्या रंगाचा झाला.

“किल्ली मी अशा ठिकाणी ठेवलीय,” ते म्हणाले, “की कुणालाही सापडणार नाही.”

“कुठे?”

“तेच ना. कुणालाही.”

डॉक्टर उठले. आत गेले, कपाळावरचा दिवा लावून आणि दोन बारीक आकड्या घेऊन बाहेर आले. कुलपासमोर वाकून ते सवयीने म्हणाले, “आ करा,” आणि आकडी आत घातली. आतल्या खुर्चीतल्या रुग्णापासून दारातल्या मावशींपर्यंत सगळे श्वास रोखून पाहत होते. खट् आवाज झाला. कुलूप निखळलं.

“अक्कलदाढेपेक्षा सोपं होतं,” डॉक्टरांनी घाम पुसला.

मग एकच धांदल उडाली. ताई हुकूम सोडत होत्या, “सगळं एकदम बदलायचं नाही, धक्का बसेल त्याला! चौथा हिस्सा आज, चौथा उद्या.” मावशी बादल्या काढत होत्या, मेहुणा त्या बाहेर नेऊन कुंड्यांत रिकाम्या करत होता. डॉक्टर पिंपात साठवलेलं पाणी हळूहळू ओतत होते आणि तोंडाने अखंड बोलत होते, “आलं बघ, आलं, ताजं पाणी आलं.” रुग्णसुद्धा गळ्यातल्या रुमालासकट उठला आणि बादल्यांच्या रांगेत उभा राहिला. दाजींना काही काम उरलं नव्हतं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. समोर आलेली मावशींची बादली पाहून त्यांनी पाय वर घेतले, आणि मग बराच वेळ ते खाली घ्यायचंच विसरले.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी पैलवान तळालाच होता, पण सरळ. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, मावशींनी दार उघडायच्या आधीच, मेहुणा पायरीवर येऊन बसला होता. रात्री झोप लागली नव्हती. आपण तेव्हा तोंड मिटलं नसतं तर, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. शेजारी कुणीतरी येऊन बसलं म्हणून त्याने वळून पाहिलं. दाजी होते. सकाळी आठला! दाढी नाही, भिंग नाही.

“मेहुणे,” ते समोर बघत म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी मला गप्प बसा म्हणालात.”

“चुकलं, दाजी.”

“नाही. फार उशिरा म्हणालात.”

एवढं बोलून ते उठले आणि विजारीची धूळ झटकायला लागले. तेवढ्यात मावशींनी येऊन दाराचं कुलूप काढलं, दिवा लावला, आणि आतून हाक मारली, “या, या लवकर!”

पैलवान काचेला नाक लावून उभा होता. निखारे पेटले होते. त्याने मावशींना पाहिलं, मेहुण्याला पाहिलं, खालचा ओठ पुढे काढला. मग दाजींना पाहिलं आणि पाठ फिरवली.

“पूर्ण बरा झाला,” दाजी म्हणाले.

त्याच दुपारी डॉक्टरांनी नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला. पण मावशींनी कुंड्यांना नळाचं पाणी घालायला साफ नकार दिला. अखेर असं ठरलं की दर रविवारी पैलवानाचं चौथा हिस्सा पाणी निघेल, ते कुंड्यांना जाईल आणि या कामाच्या मुख्य मावशी असतील. डॉक्टरांनी पगार वाढवतो म्हटलं. मावशी म्हणाल्या, पगार वाढवाच, पण दुसरा एक माणूस बादल्या उचलायलाही द्या.

रविवारी ताई एक लांब पारदर्शक नळी घेऊन आल्या. बादल्या बुडवून कंबर मोडायची गरज नाही म्हणाल्या. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत, वरून एकदा हवा ओढून घेतली की पाणी आपसूक खाली येतं. त्या पुढचं सांगणार, तोच दाजींनी नळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“द्रवपदार्थांशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे, ताई. तेलाची मापं तपासलीयत मी. तुम्ही फक्त बघा.”

“अहो, हळू ओढा, आणि पाणी दिसलं की लगेच तोंड...”

दाजींनी डोळे मिटले, नळी ओठांत धरली आणि छाती फुगवून अशी ओढली की टाकीतल्या पाण्याला भोवरा पडला. पुढच्याच क्षणी त्यांचे दोन्ही गाल फुगले. डोळे उघडले आणि मोठे झाले. नळी सुटून बादलीत पडली, पाणी झुळझुळ वाहू लागलं. दाजी मात्र तोंड भरून तसेच उभे. ते डावीकडे वळले, तिथे डॉक्टरांचा पांढरा कोट. उजवीकडे वळले, तिथे ताई. दाराकडे धावणार, तर दारात मावशी फडकं हातात घेऊन उभ्या. त्यांनी नुकतीच सगळी फरशी लखलखीत पुसून काढली होती.

मावशींनी नुसतं फरशीकडे पाहिलं आणि मग दाजींकडे.

दाजींनी गिळलं.